मलईदार लिंबू सरबत पुन्हा पुन्हा फाटते, कडवट होते किंवा पाणचट लागते: कारणे आणि उपाय

उन्हाळ्यात घरी मलईदार लिंबू सरबत करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. कृती जशी दिली तशीच केली, साहित्यही ताजे होते, तरीही पेल्याच्या तळाशी पांढरा साका बसला आणि वर फिकट पिवळसर निवळी तरंगू लागली. पुढच्या वेळी लिंबू कमी घातले जाते, त्यापुढच्या वेळी दूध बदलले जाते, एखाद्या दिवशी सरबत योगायोगाने जमते आणि नंतर पुन्हा बिघडते. असे होत राहण्याचे कारण म्हणजे ‘दुधामुळे सरबत मलईदार होते’ ही मूळ समजूतच अपुरी आहे. जिभेला जाणवणारा मलईदारपणा मुख्यतः स्निग्धांशातून येतो आणि सरबत फाटते ते प्रथिनांमुळे. ज्या पदार्थात स्निग्धांश भरपूर आणि प्रथिने थोडी आहेत तो निवडावा, किंवा ज्यातील प्रथिने आधीच बारीक साकळून गेलेली अथवा दाट पाकात अडकलेली आहेत असा पदार्थ घ्यावा. एवढे पाळले तर ही तक्रार बहुतांशी मिटते. राहिलेल्या कडवटपणा, पाणचटपणा आणि तुपकट कण या अडचणींची कारणे वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

आधी बिघाड ओळखावा

सरबतात पांढरे कण दिसले की ते फाटले असे लगेच ठरवू नये, कारण तीन निरनिराळ्या गोष्टी पेल्यात जवळजवळ सारख्याच दिसतात. काचेचा स्वच्छ पेला घेऊन त्यात थोडे सरबत ओतावे, पेला तिरका करून पुन्हा सरळ करावा आणि काचेच्या आतल्या बाजूला जो पातळ थर मागे राहतो तो उजेडाकडे धरून पाहावा. थर एकसंध आणि दुधाळ असेल तर सरबत ठीक आहे. त्यात वाळूसारखे बारीक ठिपके चिकटलेले दिसले तर त्यांपैकी एखादा कण बोटावर घेऊन दुसऱ्या बोटाने चोळावा. कण मऊ असेल, दाबल्यावर पसरेल, पण बोटावर तुपकट थर ठेवणार नाही, तर ते दुधातील प्रथिन साकळलेले आहे. कण चोळताच वितळून बोट चकचकीत झाले तर तो गोठलेला स्निग्धांश आहे. आणि कण चोळूनही तसाच राहिला, किंचित लांबट व अर्धपारदर्शक दिसला, तर तो लिंबाचा गर आहे. गर असल्यास बारीक जाळीच्या गाळणीतून रस गाळून घेतला की काम झाले. त्यासाठी दूध बदलण्याची काहीच गरज नव्हती.

दूध लिंबाच्या रसात का टिकत नाही

ताज्या दुधाचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका लहान तितका आंबटपणा जास्त) साधारण ६.६ ते ६.७ असतो, तर लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.६ च्या आसपास असतो. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के भाग केसीनचा असतो. केसीनचे अतिसूक्ष्म पुंज एकमेकांना दूर ढकलत असल्यामुळे दुधात तरंगत राहतात. सामू ४.६ च्या जवळ आला की त्यांच्यावरील विद्युतभार जवळजवळ शून्य होतो, एकमेकांना दूर ठेवणारे बळ संपते आणि पुंज एकत्र येऊन गुठळ्या होतात. दूध गरम असेल तर ही क्रिया अधिक वेगाने होते, तुलनेने कमी आंबटपणावरही सुरू होते आणि होणाऱ्या गुठळ्या अधिक आवळलेल्या, रबरासारख्या होतात. दूध आधीच थोडे उतरलेले असेल, म्हणजे वासाला ठीक वाटत असूनही दोन-तीन दिवसांचे असेल, तर त्याचा सामू आधीच खाली आलेला असतो आणि फाटायला आणखी कमी रस पुरतो.

येथे दोन लोकप्रिय उपायांचा विचार करणे आवश्यक आहे, कारण त्यांच्यावर बराच वेळ वाया जातो. पहिला उपाय लिंबू कमी घालण्याचा. एक लिटर गरम दूध नासवायला दोन ते तीन मोठे चमचे रस पुरतो, आणि सरबताला सरबताची चव यायची असेल तर एका लिटरमागे १०० मिलीहून अधिक रस लागतो. म्हणजे दूध फाटणार नाही इतके लिंबू कमी केले तर हाती राहते ते लिंबाचा नुसता वास असलेले गोड दूध. दुसरा उपाय रसात आधी भरपूर पाणी घालण्याचा. रस दहापट पातळ केला तरी त्याचा सामू जेमतेम अर्ध्या ते एका अंकाने वर सरकतो, त्यामुळे तो ४.६ च्या बराच खाली राहतो. पाणी घालण्याचा फायदा वेगळा आहे. रस पातळ असला की तो एका जागी दुधावर आदळत नाही आणि गुठळ्या मोठ्या होण्याऐवजी बारीक होतात, पण फाटणे त्यामुळे टळत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घालून आंबटपणा मारण्याचा सल्लाही कोठे कोठे दिला जातो. सोड्याने आम्ल मारले जाते हे खरे, परंतु ज्या आम्लासाठी हे पेय प्यायचे तेच नाहीसे होते आणि मागे राहते ती खारट, साबणासारखी चव. तो उपाय करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

साधे दूध या पेयासाठी गैरसोयीचे का, हे त्यातील घटकांचे प्रमाण पाहिले की कळते. पूर्ण स्निग्धांशाच्या दुधात सुमारे ३.५ टक्के स्निग्धांश आणि जवळपास तितकीच प्रथिने असतात, म्हणजे प्रत्येक ग्रॅम मलईमागे एक ग्रॅम फाटणारे द्रव्य येते. ३५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीममध्ये प्रथिने केवळ दोन टक्क्यांच्या आसपास असतात. तेथे एका ग्रॅम प्रथिनामागे १७ ग्रॅम स्निग्धांश मिळतो. प्रथिन थोडे असल्याने जे काही साकळते ते इतके विरळ असते की डोळ्यांना दिसत नाही, उलट त्यामुळे क्रीमला किंचित दाटपणाच येतो. २० ते २५ टक्क्यांच्या पातळ क्रीममध्येही हे प्रमाण साधारण सात ते दहास एक इतके राहते आणि ते चालते. याउलट कमी स्निग्धांशाचे किंवा साय काढलेले दूध घेणे म्हणजे मलई वगळून फक्त फाटणारा भाग ठेवणे होय. हलके सरबत हवे म्हणून साय काढलेले दूध वापरणाऱ्यांचे सरबत सर्वांत आधी फाटते ते याच कारणाने.

कंडेन्स्ड मिल्क या हिशेबाला अपवाद वाटेल, कारण त्यात स्निग्धांश आणि प्रथिने दोन्ही सुमारे ८ टक्के, म्हणजे दुधासारखीच सारख्या प्रमाणात असतात. तरीही ते या पेयात उत्तम चालते. त्यात सुमारे ४५ टक्के साखर असते आणि पाणी जेमतेम चौथा हिस्सा असते. एवढ्या दाट पाकात केसीनच्या पुंजांना मोकळेपणी हलताच येत नाही, त्यामुळे रस घातल्यावर सुट्या गुठळ्या होण्याऐवजी सगळे मिश्रण एकत्रच घट्ट होते. ही क्रिया पाहण्यासारखी असते. भांड्यात कंडेन्स्ड मिल्क घेऊन त्यात लिंबाचा रस ओतून फेटायला लागले की सुरुवातीला ते सैल होते, पण अर्ध्या मिनिटात व्हिस्कच्या, म्हणजे तारांच्या फेटणीच्या, तारांमागे रेघा उमटू लागतात आणि पाहता पाहता ते दाट क्रीमसारखे होते. या अवस्थेत ते चकचकीत आणि एकजीव दिसले पाहिजे. पुढचे सर्व यश या एका मिनिटावर अवलंबून असते. पाणी आधी घातले तर पाक पातळ होतो, पुंज मोकळे होतात आणि मग कंडेन्स्ड मिल्कही साध्या दुधासारखेच फाटते.

घालण्याचा क्रम आणि तापमान

एक लिटर सरबतासाठी मी सुचवेन ते प्रमाण असे: कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, गाळलेला लिंबाचा रस १२० मिली, २५ ते ३५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम १०० मिली, अगदी थंड पाणी ६०० मिली, दोन लिंबांच्या सालीचा वरचा रंगीत थर बारीक किसून दोन चहाचे चमचे साखरेत चोळलेला, आणि चिमूटभर मीठ. यात साखर एकूण दहा टक्क्यांच्या आसपास येते आणि आम्ल सुमारे ०.६ टक्के, जे साध्या लिंबू सरबताच्या चवीशी जुळते. लिंबे लहान-मोठी असल्याने ‘चार लिंबे’ असे न मोजता रस मिलीलिटरमध्येच मोजावा. मोठ्या पिवळ्या लिंबातून ४० मिलीपर्यंत रस निघतो, तर लहान पातळ सालीच्या लिंबातून त्याच्या निम्माही निघत नाही. केवळ लिंबांची संख्या मोजून केलेले सरबत दर वेळी वेगळे का होते, याचे उत्तर येथेच आहे.

सर्व साहित्य किमान चार तास फ्रिजमध्ये ठेवावे. त्यानंतर कंडेन्स्ड मिल्क आणि किसलेली साल लावलेली साखर एकत्र करून त्यात रस एकदम ओतावा आणि वर सांगितल्याप्रमाणे मिश्रण दाट होईपर्यंत फेटावे. मग क्रीम घालून दोन-चार फेऱ्या फिरवावे, आणि शेवटी थंड पाणी आधी पाव कप, मग अर्धा कप, मग उरलेले सगळे असे वाढत्या मापाने मिसळावे. पहिले पाणी घालताना मिश्रण पूर्ण एकजीव झाल्याशिवाय पुढचे पाणी घालू नये, कारण गुठळी होण्याची उरलीसुरली शक्यता याच टप्प्यावर असते. मीठ शेवटी घालावे. ते चवीत खारटपणासाठी नसून, सोडियममुळे कडवटपणा कमी जाणवतो म्हणून आहे.

कंडेन्स्ड मिल्क नको असेल तर साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन पाक करावा, तो पूर्ण थंड करावा आणि २०० ग्रॅम पाकात १२० मिली रस व ५५० मिली थंड पाणी मिसळून त्यात १५० मिली जाड क्रीम बारीक धारेने ओतत फेटावे. पाक ‘जवळजवळ’ थंड झाला म्हणून घाई करणे हे या पद्धतीतील अपयशाचे सर्वांत मोठे कारण आहे. बाहेरून भांडे कोमट लागत असेल तर आतला पाक त्याहून गरम असतो आणि क्रीममधील थोडी प्रथिनेही गरम आम्लात आवळून दिसू लागतात. कोरडी साखर थेट थंड सरबतात घालणेही टाळावे, कारण थंड पाण्यात ती सावकाश विरघळते आणि तोवर ढवळत राहिल्याने क्रीममध्ये लोण्याचे कण होऊ लागतात.

दह्याचा मार्ग याहून निर्धोक आहे आणि तो फारसा वापरला जात नाही याचे आश्चर्य वाटते. दह्याचा सामू आधीच ४ ते ४.६ च्या दरम्यान असतो, म्हणजे त्यातील केसीन साकळून झालेले असते आणि ते अतिशय बारीक जाळ्याच्या रूपात असते. त्यात लिंबू पिळले तरी नव्याने फाटायला काही उरलेले नसते. पूर्ण स्निग्धांशाचे, पाणी निथळलेले दही मिक्सरमध्ये थंड पाकाबरोबर आधी गुळगुळीत करून घ्यावे आणि मग रस व पाणी घालावे. चव अर्थातच वेगळी लागते, थोडी दह्याकडे झुकते. ज्यांना ती चालते त्यांनी बाकीच्या सगळ्या कसरती सोडून द्याव्यात.

वनस्पतीजन्य दुधांबाबतही प्रथिन आणि स्निग्धांश यांचे प्रमाणच पाहावे. सोयाच्या दुधातील प्रथिनेही केसीनसारखीच ४.५ च्या आसपास साकळतात, त्यामुळे ते येथे उपयोगाचे नाही. नारळाच्या जाड दुधात स्निग्धांश बराच आणि प्रथिने कमी असतात, म्हणून ते चांगले टिकते, पण त्याची स्वतंत्र अडचण पुढे सांगितली आहे.

फाटलेले सरबत वाचवता येते का

सरबत फाटल्यावर ते मिक्सरमध्ये फिरवले की काही क्षण गुळगुळीत दिसते. गुठळ्या मोडून रवाळ कण झालेले असतात इतकेच. पंधरा-वीस मिनिटांत ते पुन्हा तळाशी बसतात आणि तोपर्यंतही जिभेवर पिठूळ लागतात. त्याच वेळी एका लिटरमागे एक ग्रॅम झँथन गम (द्रव दाट करणारी खाद्य पूड) दोन चमचे साखरेत कोरडा मिसळून, मिक्सर चालू असताना हळूहळू भुरभुरला तर द्रव दाट होऊन कण तरंगते राहतात आणि सरबत पिण्याजोगे होते. गम साखरेत न मिसळता थेट घातला तर त्याच्याच चिकट गोळ्या होतात. आधीपासूनच जास्त काळ टिकणारे सरबत हवे असेल तर पेक्टिन (फळांपासून मिळणारे, जॅम घट्ट करायला वापरले जाणारे द्रव्य) अधिक योग्य ठरते. एका लिटरमागे तीन ते चार ग्रॅम पेक्टिन गरम पाकात पूर्ण विरघळवून, पाक थंड करून तो आधी दुधात किंवा क्रीममध्ये मिसळावा आणि लिंबाचा रस सर्वांत शेवटी घालावा. आम्लात पेक्टिन केसीनच्या कणांभोवती आवरण करून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. दुकानात मिळणारी आंबट दुधाळ पेये महिनोन्महिने न फाटता राहतात, त्यामागे हाच उपाय असतो. क्रम उलटा केला, म्हणजे रस आधी आणि पेक्टिन नंतर घातले, तर कण साकळून गेलेले असतात आणि पेक्टिनचा उपयोग फार थोडा होतो.

यातले काहीच हाताशी नसेल तर फाटलेले सरबत फेकण्याऐवजी फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवून मलमलच्या ओल्या फडक्यातून, न पिळता, गाळून घ्यावे. खाली येणारी निवळी पारदर्शक, सौम्य आणि जिभेला मऊ लागणारी असते, कारण साकळलेले केसीन आपल्याबरोबर काही तुरट द्रव्येही ओढून नेते. ते मलईदार सरबत नव्हे, पण चांगले पेय आहे. दूध ताजे असेल आणि ते लिंबामुळेच फाटले असेल तर त्यात आरोग्याला अपाय होण्यासारखे काही नसते.

कडवटपणा: लगेचचा आणि उशिरा येणारा

कडू झालेल्या सरबताबाबत पहिला प्रश्न हा विचारावा की ते करताच कडू होते की काही तासांनी झाले. करताच कडू लागत असेल तर बहुधा सालीखालचा पांढरा थर किसला गेला आहे, बिया मिक्सरमध्ये फुटल्या आहेत किंवा लिंबू पिळताना साल फार जोराने दाबली गेली आहे. साल किसताना किसणीवरून प्रत्येक जागी एकदाच घासावे आणि खालचा पांढरा भाग दिसू लागताच लिंबू फिरवावे. संपूर्ण लिंबू सालीसकट मिक्सरमध्ये फिरवण्याची पद्धत सुगंधाच्या दृष्टीने मोहक आहे, पण ती वापरायची असेल तर लिंबाच्या आठ फोडी करून, बिया आणि मधला पांढरा दांडा काढून, मिक्सर दोन-तीन वेळा केवळ क्षणभर चालू-बंद करावा आणि मिश्रण तत्काळ गाळावे. मिनिटभर सलग फिरवले की सालीतील आणि पांढऱ्या थरातील कडूपणा उतरल्याशिवाय राहत नाही.

उशिरा येणारा कडवटपणा अधिक फसवा असतो, कारण सकाळी चाखलेले सरबत उत्तम असते आणि दुपारी पाहुण्यांना देताना ते कडू झालेले असते. लिंबूवर्गीय फळांच्या पांढऱ्या थरात व बियांत एक द्रव्य असते, जे फळ अखंड असताना कडू नसते. फळ चिरले, गर फुटला आणि ते द्रव्य आम्लाच्या संपर्कात आले की काही तासांत त्याचे रूपांतर लिमोनिन या कडू द्रव्यात होते. उष्णतेने ही क्रिया वेगवान होते. म्हणून रस बिया आणि गर यांसकट भांड्यात ठेवून देऊ नये, तो पिळताच गाळावा. रस आदल्या दिवशी काढून ठेवणे भाग असेल तर गाळलेला रस झाकून फ्रिजमध्ये ठेवावा, किसलेली साल मात्र त्यात टाकून ठेवू नये. किसलेली साल साखरेत चोळून वेगळी ठेवली तर तिचे सुगंधी तेल साखरेत उतरते आणि कडवटपणाही वाढत नाही. सरबत करताना ती साखर वापरावी आणि शेवटी गाळून घ्यावे. हे महत्त्वाचे अशासाठी की स्निग्धांश लिंबाचा सुगंध दाबतो. क्रीम घातल्यावर ‘लिंबूच लागत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा रस वाढवण्याऐवजी साल वाढवावी. रस वाढवला तर आंबटपणा वाढतो, सुगंध वाढत नाही.

चकचकीत कण, फेस आणि नारळाचे दूध

बोटावर चोळताच वितळणारे कण सापडले तर त्याचा अर्थ क्रीम जास्त फेटले गेले आहे. मिक्सरच्या पात्यांमुळे क्रीममधील स्निग्धांशाच्या गोळ्यांभोवतीचे पातळ आवरण फाटते, मोकळा स्निग्धांश एकमेकांस चिकटतो आणि लोण्याची कणी पडते. मिक्सर द्रव तापवतोही, म्हणून सलग चालवल्यास हे लवकर होते. यावर उपाय साधा आहे. मिक्सर साल, पाक आणि पाणी यांच्यासाठी वापरावा, क्रीम मात्र शेवटी हाताने मिसळावे. कणी पडून गेली असेल तर सरबत अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून कण घट्ट होऊ द्यावेत आणि बारीक गाळणीने काढून टाकावेत. कोमट करून ते विरघळवण्याचा प्रयत्न केला तर वर तेलाचा तवंग येतो.

नारळाच्या दुधातील तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे ते थेट बर्फाच्या पाण्यात ओतले की मेणासारखे कण लगेच दिसतात. ते सामान्य तापमानाच्या पाकात आधी मिक्सरने अगदी बारीक मिसळावे, मग रस घालावा आणि त्यानंतर फ्रिजमध्ये थंड करावे. थेंब आधीच सूक्ष्म झालेले असल्याने ते गोठले तरी जिभेला जाणवत नाहीत.

फेस ही त्या मानाने किरकोळ बाब आहे. दहा मिनिटे स्थिर ठेवून वरचा फेस चमच्याने काढावा.

पाणचटपणा: बर्फाचा हिशेब

सरबत सामान्य तापमानावर करून वरून बर्फ घालणे ही सवय पाणचटपणाच्या मुळाशी असते. एक लिटर सरबत ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला पाव किलोहून अधिक बर्फ वितळावा लागतो, म्हणजे नीट जमवलेल्या प्रमाणात पाऊण-एक पेला पाणी नकळत मिसळले जाते. तेच सरबत आधी १० अंशांपर्यंत थंड केलेले असेल तर ५०-६० ग्रॅम बर्फ पुरतो. म्हणून फ्रिजमधून काढलेल्या साहित्यापासून सुरुवात करण्याचा आग्रह वर धरला आहे. तो केवळ फाटण्यापुरता नाही. बर्फाऐवजी सरबताचेच खडे गोठवून वापरायचे असतील तर ते पाक, रस आणि पाणी यांचे करावेत, त्यात दूध किंवा क्रीम घालू नये. गोठताना बर्फाच्या स्फटिकांमुळे स्निग्धांश आणि प्रथिने वेगळी पडतात आणि वितळल्यावर तेच कण पुन्हा पेल्यात दिसू लागतात.

गोडी चाखतानाही तापमानाचे भान ठेवावे. थंड पदार्थ कमी गोड लागतो, त्यामुळे कोमट सरबत चाखून ठरवलेली साखर थंड झाल्यावर कमी पडते. एक लहान पेला बर्फावर ठेवून थंड करून मगच चव पाहावी.

साठवण

तयार सरबत झाकलेल्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ४ ते ५ अंशांवर ठेवावे. तांबे, पितळ, लोखंड आणि ॲल्युमिनिअम यांच्याशी लिंबाचे आम्ल क्रिया करते आणि धातूची चव उतरते. दुधाचा अंश असल्यामुळे ते फ्रिजबाहेर एकूण दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एका तासाहून अधिक नको. लिंबाच्या आंबटपणावर विसंबून ही मर्यादा ताणू नये. फ्रिजमध्ये दोन-तीन तासांनंतर तळाशी थोडा बारीक साका दिसणे स्वाभाविक आहे. भांडे हलकेच फिरवल्यावर तो पूर्ण मिसळला आणि पाच मिनिटे तरंगता राहिला तर सरबत बिघडलेले नाही. फिरवूनही तो ठिपक्यांच्या रूपात काचेला चिकटत असेल तरच झँथन गमचा उपाय करावा. उद्यासाठी आजच तयारी करायची असेल तर पाक, गाळलेला रस आणि सालीची साखर वेगवेगळी ठेवावी आणि क्रीम किंवा कंडेन्स्ड मिल्क पेले भरण्याच्या आधी पाच मिनिटे मिसळावे.